शेवटच्या तीन किलोमीटरची गाडी

मुलुंड पूर्वेहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. थोडं कमी करून देतो:

"माझं वय ४७. गेल्या वर्षी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. विक्रमगडच्या पुढे वडिलांची साडेतीन एकर जमीन आहे, भाऊ तिथेच राहतो. एकरभर मोगरा, बाकी भात. आता मी दर शनिवार-रविवार जाते. डांबरी रस्ता संपला की तीन किलोमीटर लाल मातीची वाट, मधे ओढा आणि त्यावर बुटका फरशी पूल. गेल्या पावसात माझी छोटी पेट्रोल कार दोनदा रुतली. दुसऱ्या वेळी ट्रॅक्टरने टोचन करून काढली, तेव्हा पुढचा बंपरच हातात आला. म्हणून फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांनी ओढणारी पिकअप घ्यायची आहे. खतं, ठिबकचे पाइप, रोपं न्यायची असतात. हंगामात मोगरा तोडायला येणाऱ्या बायकांनाही आणावं-सोडावं लागतं. २८ लाखांपर्यंत तयारी आहे. मनात टोयोटाची हायलक्स, नाहीतर इसुझूची व्ही-क्रॉस आहे. भाऊ म्हणतो महिंद्राची जुनी स्कॉर्पिओ गेटअवे पिकअप घे, आणि असंही म्हणतो की असली गाडी बाईमाणसाला झेपत नाही. आई ७६ वर्षांची, तिचे गुडघे दुखतात, महिन्यातून एकदा तिलाही न्यायचं असतं. सोसायटीत दोन खांबांच्या मधलं पार्किंग आहे. कोणती गाडी घेऊ?"

ताई, नमस्कार.

उत्तराआधी एक काम सांगतो. टेप घ्या, खाली जा आणि तुमच्या पार्किंगची लांबी मोजा. मागच्या भिंतीपासून, जिथून बाकीच्या गाड्या ये-जा करतात त्या वाटेच्या कडेपर्यंत. हायलक्स ५३२५ मिलिमीटर लांब आहे, व्ही-क्रॉस जवळपास तेवढीच. मुंबईच्या २०३४ च्या विकास नियमावलीत मोठ्या गाडीसाठी २.५ बाय ५.५ मीटर आणि लहान गाडीसाठी २.३ बाय ४.५ मीटर अशी जागा धरली आहे. तुमची छोटी कार आज जिथे उभी राहते ती जागा या दुसऱ्या मापाची असेल, तर यातल्या कुठल्याही पिकअपचं पाऊण मीटरहून जास्त शेपूट वाटेत येणार. मग रोज रात्री वॉचमन इंटरकॉमवर, आणि दर वार्षिक सभेत तुमच्या गाडीचा विषय. गेटअवेही पाच मीटरच्या पुढेच जाते, त्यामुळे भावाच्या सूचनेनेही हा प्रश्न सुटत नाही. आणि यांत्रिक पार्किंग असेल तर पाळण्याच्या मापासोबत त्याची वजनाची मर्यादाही सोसायटीकडून लिहून घ्या, कारण हायलक्स रिकामी असतानाच दोन टनांच्या घरात जाते.

टेपपासून सुरुवात केली, कारण लोक ही गाडी जाहिरातीतला डोंगर बघून पसंत करतात आणि मग आठवड्यातले पाच दिवस ती खांबाला घासत काढतात. तुमच्या बाबतीत तसं होऊ नये असं मला मनापासून वाटतं, कारण निवृत्तीचे पैसे पुन्हा येत नाहीत.

आता त्या तीन किलोमीटरकडे येऊ.

तुमची कार रुतली ती ताकद कमी पडली म्हणून नाही. चिखलात चाक जागच्या जागी फिरत होतं, आणि तुम्ही ॲक्सिलरेटर दाबलात तसं ते स्वतःसाठी खड्डा खणत गेलं. इथे लागते ती लो-रेंज. फोर बाय फोर गाडीत गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक छोटा गिअरबॉक्स असतो, त्याला ट्रान्सफर केस म्हणतात. डॅशबोर्डवरचा खटका ४एल वर नेला की चाकांवरचा जोर साधारण अडीच पट होतो आणि वेग त्याच प्रमाणात उतरतो. पहिल्या गिअरमध्ये पाय उचलला तरी गाडी माणसाच्या चालीने, न घसरता, सरकत राहते. चाक फिरतं तेवढीच गाडी पुढे जाते. लाल मातीच्या चढावर हेच हवं असतं.

म्हणून अश्वशक्तीच्या आकड्यांनी भारावून जाऊ नका. हायलक्सच्या २.८ लिटर डिझेल इंजिनात २०४ अश्वशक्ती आहे, व्ही-क्रॉसच्या १.९ लिटरमध्ये १६३. महिंद्राच्या बोलेरो कॅम्पर पिकअपच्या अडीच लिटरच्या जुन्या धाटणीच्या इंजिनात ७५ च्या आसपास. घोडबंदर रस्त्यावर ओव्हरटेक करताना हा फरक अंगावर येतो. तुमच्या ओढ्यापलीकडच्या चढावर मात्र तिघीही ताशी पाच किलोमीटरने चढतील, आणि त्या वेगाला २०४ अश्वशक्तीचं काही काम नसतं.

तिथे कामाला येतात टायर. नव्या गाडीसोबत बहुतेकदा डांबरी रस्त्याचे टायर येतात. त्यांच्या खाचा उथळ असतात, ओल्या मातीने दोन फेऱ्यांत भरून जातात, आणि मग चारही चाकं फिरली तरी चार गुळगुळीत रूळच फिरतात. ऑल टेरेन टायर घ्या. डांबरावर थोडा आवाज करतात, डिझेल थोडं जास्त खातात, पण मातीत खाच स्वतः मोकळी करत जातात. आणि हवा. गाडी रिकामी असेल आणि वाट मऊ असेल तेव्हा एक तृतीयांश हवा कमी करून बघा. टायर पसरतो, जमिनीला जास्त अंग लावतो. डांबर लागलं की लगेच छोट्या कंप्रेसरने परत भरायची, दारावरच्या स्टिकरवर लिहिली आहे तेवढी. या एका सवयीने मी जितक्या वेळा बाहेर आलो, तितका दुसऱ्या कशाने आलो नाही.

पिकअपचा एक स्वभाव मात्र आधीच माहीत असू द्या. सगळं वजन पुढे असतं, इंजिन आणि माणसं. मागे रिकामा हौदा. पाटे, म्हणजे मागच्या पट्टीच्या स्प्रिंगा, असतात त्या माल धरून बनवलेल्या, त्यामुळे रिकामी गाडी मागून उडते, आणि ओल्या गवतावर टू-व्हीलमध्ये मागची चाकं अगदी सहज सुटतात. पहिल्या पावसाआधी शंभर-सव्वाशे किलो वाळूच्या गोण्या मागच्या आसाच्या वर, दोरीने नीट बांधून ठेवा. दुसरं म्हणजे दोन आसांमधलं अंतर. या गाड्यांत ते तीन मीटरच्या आसपास असतं. बांध ओलांडताना पुढची चाकं पलीकडे उतरतात आणि पोट बांधावर टेकतं. बांध तिरका घ्या, किंवा दोन्ही बाजूंना माती ओढून उतार करा.

ओढ्याबद्दल मात्र जरा थांबून लिहितो, कारण तिथे माझं नुकसान झालेलं आहे.

मी वीसेक वर्षं शेतपंपांची कामं केली. वाडा, जव्हार, मोखाडा, पलीकडे त्र्यंबकपर्यंत पिकअप घेऊन फिरलो. २०१३ च्या ऑगस्टमध्ये खोडाळ्याच्या बाजूला एक पंप पोचवायला निघालो होतो. उतार उतरून आलो आणि थेट ओढ्यात घातली. पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंत. समोरून गुरं आली म्हणून मधोमध पाच-सात मिनिटं उभा राहिलो, मग निघालो. इंजिन सुरूच होतं, गाडी पार झाली, मी खूश. तीन आठवड्यांनी ताशी चाळीसच्या पुढे गेलं की मागून एक बारीक गुणगुण यायला लागली. कुर्ल्याच्या माझ्या मिस्त्रीने गाडी वर घेतली, खाली पत्र्याचं घमेलं सरकवलं आणि मागच्या डिफ्रन्शियलचा, म्हणजे दोन चाकांमधल्या गिअरच्या डब्याचा, बोल्ट सोडला. आतून काळपट, मधासारखं घट्ट ऑइल यायला हवं होतं. आला तो दुधाचा चहा, वर फेस. त्याने बोट बुडवलं, माझ्यासमोर धरलं, काही बोलला नाही. आतल्या बेअरिंगवर तपकिरी ठिपके पडले होते.

झालं होतं ते असं. उतारावरून येताना मागचा हा डबा तापलेला होता. थंड पाण्यात बुडताच आतली हवा आकसली आणि तिने बाहेरून ओढून घेतलं. तिथे हवा यायला-जायला एक छोटी नळी असते, ब्रीदर. माझी चिखलाने बुजलेली होती. म्हणून पाणी सीलमधून आत गेलं. आता मी ब्रीदरला रबरी नळी जोडून ती वर हौद्याखाली नेऊन बांधतो, पाण्यापर्यंत आलो की पाच मिनिटं थांबून मगच उतरतो आणि मधे उभा राहत नाही. खोल पाण्यातून गेल्यावर आठवड्याभरात बोल्ट थोडा ढिला करून ऑइलचा रंग बघतो. मिस्त्रीचं पाच मिनिटांचं काम आहे, आग्रहाने करून घ्या.

हायलक्सच्या कागदांवर ७०० मिलिमीटर पाण्यातून जायची क्षमता लिहिलेली आहे. तो आकडा सावकाश चालवताना, थांबलेल्या पाण्यासाठी धरा. तुमच्या फरशीवरचं पाणी वाहतं असतं. गुडघाभर वाहतं पाणी रिकाम्या हौद्याची गाडी मागून उचलून कडेला लोटू शकतं, ती कितीही लाखांची असो. काठी घेऊन आधी स्वतः चालत जा. फरशीची कड दिसत नसेल तर गाडी अलीकडेच थांबवा. डोंगरातला ओढा जसा चढतो तसा उतरतोही. गाडीत बसून वाट बघा, नाहीतर मागे फिरून मुक्काम करा. आणि कधी पाण्यात इंजिन बंद पडलंच, तर चावी परत फिरवू नका. हवेसोबत आत पाणी गेलेलं असतं, पाणी दाबलं जात नाही, आणि स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. ओढून बाहेर काढा, मग बघा. विमा घेताना इंजिनचं जादा संरक्षण घ्या.

ओढायचं म्हटलं की तुमचा बंपर आठवतो. ट्रॅक्टरवाल्याची चूक नाही, त्याने जिथे दोर बसला तिथे बांधला. गाडी घ्याल त्या दिवशी खाली वाकून टोचनाचे हूक बघून घ्या. ते चासीलाच जोडलेले असायला हवेत, पुढे आणि मागे. हौद्यात रुंद पट्टा, दोन शॅकल (पट्टा अडकवायच्या लोखंडी कड्या), फावडं, दोन जाड फळ्या कायम ठेवा. पट्टा ताणलेला असताना त्याच्या रेषेत कुणालाही उभं राहू देऊ नका. लहान मुलं बघायला जमतात, त्यांना लांब पाठवा, मगच क्लच सोडा.

आता गाडी कोणती?

हायलक्स उत्तम गाडी आहे, यात शंका नाही. १९६८ पासून जगभर चाललेलं हे नाव आहे, भारतात ती २०२२ मध्ये आली. इंजिन फॉर्च्युनरचंच, त्यामुळे सुट्या भागांची मुंबईत ददात नाही. मागच्या डिफ्रन्शियलला लॉक आहे, म्हणजे एक चाक हवेत लटकलं तरी दुसरं ओढतं. सात एअरबॅग आहेत. पण मुंबईत रस्त्यावर येईपर्यंत ती तुमच्या २८ लाखांच्या पुढे जाते, आणि पार्किंगचं वर लिहिलंच. व्ही-क्रॉस २०१६ पासून इथे आहे, आंध्रात श्रीसिटीला बनते, मातीत अतिशय भरवशाची. तुम्ही हीच एक गाडी ठेवणार असता आणि साडेपाच मीटरची जागा असती, तर मी व्ही-क्रॉस सांगितली असती. घेताना फोर बाय फोर आहे याची खात्री करा, कारण तशीच दिसणारी हाय-लँडर फक्त मागच्या चाकांवर चालते.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात, पण माझ्यासाठी तीच मोठी आहे: भाऊ तिथेच राहतो. मुलुंडहून विक्रमगडपर्यंतचं शंभरेक किलोमीटर डांबरी आहे आणि तिथे तुमच्या छोट्या कारने काय वाईट केलं? आईच्या गुडघ्यांना तीच बरी. आत बसायला उंच चढावं लागत नाही, मागची सीट पाठीला आराम देते. डबल केबिन पिकअपमध्ये मागच्या सीटची पाठ बरीच ताठ असते. महागड्या गाड्यांतसुद्धा दोन-अडीच तासांनी आईची कंबर बोलायला लागेल.

तेव्हा माझा सल्ला असा. २८ लाखांची गाडी मुंबईत आणू नका. बोलेरो कॅम्पर किंवा टाटा योद्धा, यांपैकी एक, चार दारांची, फोर बाय फोर घ्या आणि ती भावाच्या अंगणात ठेवा. तुम्ही कारने डांबराच्या टोकापर्यंत जा. तिथे एखाद्या घरासमोर कार लावायची सोय तुम्हाला गावात सहज होईल. पुढची तीन किलोमीटर पिकअपने. आईसाठी दाराखाली एक रुंद पायरी आणि आत धरायला दांडा बसवून घ्या. तीन किलोमीटर ती हसत येईल.

कॅम्पर पाच मीटरच्या आत बसते, टनभर माल घेते, आणि दहा-बारा लाखांच्या घरात येते. मऊ गाडी नाही. आवाज आहे, पाटे कडक आहेत. पण तिचा क्लच, तिचे बुश, तिचा फिल्टर विक्रमगड-जव्हारच्या बाजूला रविवारी सकाळी मिळतो, आणि तिथला कुठलाही मिस्त्री ती डोळे मिटून उघडतो. फुलांच्या गाड्या दादरला पहाटे पोचायच्या असतात. मोगरा वाट बघत नाही, कळी उमलली की भाव गेला. अशा वेळी मुंबईहून भाग यायची वाट बघणारी गाडी चालणार नाही. योद्धाचं इंजिन २.२ लिटरचं आणि कॅम्परपेक्षा जोरदार, शंभर अश्वशक्तीचं. या दोघींतली निवड तुमच्या गावाजवळचा मिस्त्री कोणती जास्त दुरुस्त करतो, यावर सोडा. त्याच्याकडे जाऊन चहा प्या आणि विचारा.

शोरूममध्ये एक सांभाळा. या गाड्यांचा फोर बाय फोर प्रकार बऱ्याचदा उभा नसतो, मागवावा लागतो. सेल्समन म्हणेल, "मॅडम, टू-व्हीलपण कुठेही जाते." ऐकू नका, थांबायची तयारी ठेवा. गाडी आली की त्याच्यासमोर थांबवून, न्यूट्रलला घेऊन, ४एल लावून दाखवायला सांगा. डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला पाहिजे. आणि कोरड्या डांबरावर फोर बाय फोर लावून चालवू नका. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, सुटायला जागा मिळत नाही, ताण सगळा ट्रान्सफर केसवर येतो.

या दोन्ही गाड्या मालवाहू म्हणून नोंदतात, पिवळी पाटी. वेग ८० वर बांधलेला असतो. पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस करावं लागतं. लायसनची काळजी नको: साडेसात टनांच्या आतली मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला पक्कं केलं आहे.

आणि आता ज्या बायका पहाटे मोगरा तोडायला येतात त्यांच्याबद्दल. ताई, त्यांना हौद्यात बसवू नका. सगळे बसवतात, मला माहीत आहे. अंधारात, कठड्याला धरून, टोपल्या मांडीवर घेऊन बायका उभ्या असतात आणि ड्रायव्हरला पुढचा खड्डा दिसत नाही. हौद्यात माणूस बसवणं बेकायदा आहे, अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते, पण त्याहून आधीची गोष्ट ही की पडणारी बाई मागच्या चाकाजवळ पडते. आरसीवर जेवढी माणसं लिहिली आहेत तेवढीच केबिनमध्ये बसवा आणि दोन फेऱ्या मारा. तीन किलोमीटर आहे. डिझेलचे शंभर-दीडशे रुपये जातील.

भावाच्या गेटअवेबद्दल थोडक्यात. दणकट होती, पण २०२० च्या सुमारास बंद झाली, म्हणजे आता मिळेल ती वापरलेलीच. मुंबईची असेल तर खाऱ्या हवेने चासी खालून खाल्लेली असते. हौद्याच्या बोल्टांपाशी हातोडी हलकेच मारून बघा, खणखणीत वाजलं तर लोखंड, बद्द वाजलं तर गंजाचे पापुद्रे. पुरात बुडालेली गाडी ओळखायची तर मागच्या सीटचा बेल्ट पूर्ण बाहेर ओढा. सीट धुतात, गालिचा बदलतात, पण बेल्टच्या आतल्या टोकाला गढूळ पाण्याची रेघ राहतेच. तरीही तुम्हाला मी नवीच सांगेन, कारण तुम्हाला ही गाडी शिकायची आहे, आणि शिकताना आवाज गाडीचा की आपल्या चुकीचा हे कळायला हवं.

वाचतील त्या पैशांतले थोडे त्या वाटेवर घाला. तीन किलोमीटरभर नाही. जिथे गाडी रुतली ते दोन-चार तुकडे असतील, शंभर-दोनशे मीटरचे. तिथे पाणी वाटेवरून वाहत असणार. कडेने चर खणा, पाणी बाजूला काढा, दगड पसरा, वर मुरूम टाकून दाबा. वाट गावाची असेल तर आधी ग्रामपंचायतीत अर्ज द्या, सरपंचांना जागा दाखवा. फरशीखालच्या पाइपांत पालापाचोळा अडकलेला असतो, मे महिन्यात तो काढला तरी पाणी हातभर खाली राहील. एवढं केलंत की तुमच्याबरोबर त्या पाड्यावरच्या रिक्षालाही वाट मिळेल, आणि रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल तर त्यालाही.

राहिलं "बाईमाणसाला झेपत नाही". या गाड्यांना पॉवर स्टिअरिंग असतं, आणि लो-रेंजमध्ये जोर गाडी लावते. माणसाला लावायची असते ती सबुरी. माझ्या अनुभवात पुरुष घाईने क्लच जाळतात. जव्हारच्या बाजूला एका आश्रमशाळेच्या मुख्याध्यापिका शाळेची पिकअप स्वतः चालवत. प्रत्येक चढाआधी खाली उतरून वाट बघून यायच्या, कुठलं चाक कुठून जाणार ते पायाने मातीत रेघ ओढून ठरवायच्या. मी त्यांच्याकडून तेवढं एक शिकलो, आजही करतो. सीट इतकी पुढे घ्या की क्लच पूर्ण दाबताना गुडघा थोडा वाकलेला राहील. स्टिअरिंगवर अंगठे आत अडकवू नका, चाक दगडाला लागलं की स्टिअरिंग झटका देतं. उतारावर ४एल, पहिला गिअर, आणि पाय दोन्ही पेडलांवरून बाजूला. भीती वाटेल, क्लच दाबावासा वाटेल. दाबू नका, इंजिनच गाडी धरून ठेवतं.

आरसी तुमच्या नावावर करा. भाऊ आठवडाभर चालवेल, चालवायलाच हवी, कारण उभ्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात आणि बॅटरी उतरते. पण शनिवारी चावी तुमच्याकडे.

बुकिंगची घाई नको. येत्या पावसात एक शनिवार असा काढा की त्या वाटेने पायी जायचं. एक काठी घ्या, तिच्यावर दर दहा सेंटिमीटरला खूण करा. फरशीवर पाणी किती, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या किती खोल, आणि दोन चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा किती, हे लिहून मला पाठवा. उंचवटा २० सेंटिमीटरच्या वर असेल तर टायरचं माप आणि पोटाखालचा पत्रा याबद्दल पुढच्या पत्रात सविस्तर लिहितो. सोबत पार्किंगचं मापही पाठवा.